शनिवारी दुपारी सुटलं की : वऱ्हाडात शिकणाऱ्यांसाठी दोन दिवसांच्या वाटा

जर्मनीत शिकायला गेलेला वर्गमित्र एका रविवारी साल्झबर्गचा फोटो टाकतो, पुढच्या रविवारी स्ट्रासबुर्गचा. इकडे अमरावतीच्या वसतिगृहात तो फोटो सरकवत कुणीतरी म्हणतं, ‘अठी काय हाय पाहाले?’ त्या वर्गमित्राकडे पैसा फार असतो असं नाही. शिकता शिकता अर्धवेळ काम करणाऱ्यातलाच तोही. त्याला फायदा होतो तो तिकिटाच्या रीतीचा. १९७२ मध्ये तरुणांसाठी ‘इंटररेल’चा पास निघाला आणि एका पासावर अनेक देशांच्या गाड्यांत बसायची सोय झाली. मे २०२३ पासून जर्मनीत महिन्याला ठरावीक रक्कम भरली की देशभरातल्या साध्या, थांबत जाणाऱ्या गाड्यांत कितीही हिंडता येतं. जलद गाड्यांत ते तिकीट चालत नाही. म्हणून तिथला विद्यार्थी हळू गाडी, गाडी बदलायचं स्टेशन आणि परतीची शेवटची गाडी या तीन गोष्टी आधी पाहतो आणि मग कुठे जायचं ते ठरवतो.

हीच रीत वऱ्हाडाला लागू पडते, आणि बरीच स्वस्तात. अमरावती विद्यापीठ, शासकीय अभियांत्रिकी, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथे कोकणापासून ईशान्य भारतापर्यंतची मुलंमुली शिकायला येतात. चार वर्षं राहतात, मे महिन्याच्या उन्हाची आठवण घेऊन परत जातात. त्यांच्यासाठी, आणि इथेच वाढूनही परतवाड्याच्या पुढे न गेलेल्यांसाठी, ही वाटांची मांडणी.

हिशेब परतीपासून सुरू करायचा. शनिवारी दुपारी सुटलात तर रविवार रात्रीपर्यंत जेमतेम तीस तास हातात असतात. त्यात रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद. म्हणजे रात्री उशिरा पोचलात तर उपाशी झोपायची वेळ. आता एसटीचं जाळं कसं विणलंय ते बघा. अमरावती किंवा अकोल्याहून तालुक्याच्या मोठ्या गावाला गाड्या भरपूर असतात, अगदी रात्रीपर्यंत. तालुक्याहून पुढच्या गावाला मात्र मोजक्याच, आणि शेवटची बहुधा अंधार पडायच्या आत निघते. त्यामुळे ‘अमरावतीला शेवटची गाडी कधी?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. चिखलदऱ्याहून परतवाड्याला शेवटची कधी, शहानूरहून अकोटला काय मिळेल, लोणारहून मेहकरला कधी, हे विचारायचं. शेवटचा छोटा टप्पा हुकला की पुढच्या मोठ्या टप्प्याच्या दहा गाड्या असून उपयोग नाही. आणि हे मोबाइलवर न शोधता बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर विचारावं. तिथल्या माणसाला आज कोणती फेरी रद्द आहे तेही ठाऊक असतं.

आणखी एक सोय बाहेरच्या मुलांना सहसा माहीत नसते, ती मुक्कामी गाडीची. संध्याकाळी आगारातून निघायचं, आडगावात रात्री थांबायचं आणि पहाटे तिथून सुटून शाळा-बाजाराच्या माणसांना घेऊन तालुक्याला यायचं, असं तिचं चक्र. चालक-वाहक गावातच झोपतात. रविवारी गावात थांबून सोमवारच्या पहिल्या तासाला वर्गात पोचायचं असेल तर ही पहाटेची गाडी फार कामाची. रविवारी किंवा शाळांच्या सुटीत ती असते का, एवढं मात्र विचारून घ्यायचं.

भाड्याची रीत सोपी आहे. एसटी सहा किलोमीटरचा एक टप्पा धरते आणि टप्प्यांवर भाडं लावते. जानेवारी २०२५ मध्ये ही भाडी १४.९५ टक्क्यांनी वाढली, तरी रस्त्याने जायला साध्या लाल गाडीइतकं स्वस्त दुसरं काही नाही. विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा असतो. तो दाखवून चिखलदऱ्याला जाता येत नाही, वाहकाशी वाद घालू नये. मुलींना मात्र १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांत अर्ध तिकीट आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती. मेळघाटातून जाणारी गाडी पुढे बऱ्हाणपूरकडे गेली तर हद्दीपलीकडच्या अंतराचं पूर्ण भाडं द्यावं लागतं. चारचौघांच्या टोळक्यात मुली जास्त असतील तर खर्चाचा हिशेब एकदम बदलतो, आणि भाड्याची जीप करण्याचा मोहही आपोआप आवरतो.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास म्हणजे आपला इंटररेलच. चार किंवा सात दिवस, राज्यात कुठेही. पण शनिवार-रविवारसाठी तो घेऊ नये. दोन दिवसांत पैसे वसूल होत नाहीत. दिवाळीच्या सुटीत घरी जाण्याआधी चार दिवस मोकळे काढता आले, तर त्याचा खरा उपयोग.

रेल्वेचं थोडं वेगळं. मुंबई-नागपूरचा मुख्य मार्ग शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा वऱ्हाडाच्या मधोमध पूर्व-पश्चिम जातो. अमरावती शहर मुख्य मार्गावर नाही. बडनेऱ्याहून एक छोटी शाखा शहरात येते. म्हणून अमरावतीकराने गाडी शोधताना ‘अमरावती’ आणि ‘बडनेरा’ अशी दोन्ही नावं टाकावीत. नुसत्या पहिल्या नावावर निम्म्याहून अधिक गाड्या दिसतच नाहीत. बडनेरा ते अकोला सुमारे ऐंशी किलोमीटर, अकोला ते शेगाव सुमारे सदतीस. एवढ्या अंतराला आरक्षण कशाला? साध्या डब्याचं तिकीट खिडकीवर किंवा रेल्वेच्या अ‍ॅपवर मिळतं. त्यातली मेख अशी की दोनशे किलोमीटरच्या आतलं अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या ठिकाणी जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, प्रवास सुरू करावा लागतो. सकाळीच दोन्ही बाजूंची तिकिटं काढून ठेवली तर परतीचं तिकीट संध्याकाळी बाद ठरेल. दुसरं, सुपरफास्ट गाडीला साध्या डब्यासाठीही पंधरा रुपये अधिभार असतो. तो न भरता बसलात तर दंडाची रक्कम तिकिटापेक्षा मोठी होते.

पहिली सहल शेगावची करावी. भक्ती असो-नसो. अकोल्याहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास, बडनेऱ्याहून दीड-दोन तास. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी इथे प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. संस्थानच्या भक्तनिवासात माफक दरात राहता येतं, महाप्रसाद मिळतो, आणि सगळीकडे अशी स्वच्छता व शिस्त की सेवेकऱ्यांचं काम पाहायला व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम जावं. दूरच्या राज्यातून आलेल्या मुलांना इथल्या रेल्वेची, रांगेची आणि गर्दीच्या बोलीची सवय लावून घ्यायला यापेक्षा सोपी जागा नाही. गुरुवार, एकादशी, प्रकटदिन आणि ऋषिपंचमी हे दिवस मात्र टाळावेत. तेव्हा खोली मिळत नाही आणि दर्शनाच्या रांगेतच सुटी संपते. स्टेशनवर उतरल्यावर कचोरी खाणारच. गरम मिळाली तरच घ्या. खोलीवरच्या दोस्तांसाठी बांधून आणलेली कचोरी रात्रीपर्यंत मऊ पडते.

वऱ्हाडाची जमीन समजली की बाकीच्या सहली आपोआप उलगडतात. उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन, दक्षिणेला पुन्हा चढत गेलेला घाटावरचा प्रदेश. जुनी माणसं मधल्या पट्ट्याला पायनघाट आणि दक्षिणेच्या उंचीला बालाघाट म्हणत. रेल्वे मधल्या सपाटीतून गेली, त्यामुळे उत्तर किंवा दक्षिण धरायची तर एसटीच. अमरावतीकराला उत्तर जवळ, अकोलेकराला दोन्ही.

उत्तरेचं दार म्हणजे परतवाडा. अमरावतीहून सुमारे पन्नास किलोमीटर, गाड्यांची रांगच असते. शेजारी अचलपूर, एकेकाळच्या इमादशाहीची राजधानी. परतवाड्याहून चिखलदरा सुमारे तीस किलोमीटर, पण ते घाटातले. एक रस्ता धामणगाव गढीवरून वर चढतो, दुसरा घटांगवरून जंगलातून जातो. जाताना एक आणि येताना दुसरा मिळाला तर नशीब. खालच्या कपाशीच्या आणि तुरीच्या शेतांवरून थेट सागाच्या जंगलात शिरतानाचा बदल फार थोड्या वेळात घडतो. पावसाळ्यात खिडकीतून धुकं आत येतं.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरपेक्षा उंच. इंग्रजांनी थंड हवेसाठी ते वसवलं आणि कॉफीही लावली. आजही महाराष्ट्रात कॉफी पिकणारं ठिकाण म्हणून त्याचं नाव निघतं. पण तिथे जायचं कधी, यावर सगळं अवलंबून आहे. जुलै-ऑगस्टच्या रविवारी अर्धा विदर्भ आपापली मोटार घेऊन वर चढतो, घाटात वाहनं अडतात आणि ज्या धबधब्यासाठी गेलो तो माणसांच्या छत्र्यांमागे लपतो. माझं मत विचाराल तर शनिवारी दुपारच्या गाडीने वर जावं आणि तिथेच राहावं. पर्यटन महामंडळाचं निवास आहे, साधे लॉजही आहेत. पण पावसाळ्यात आधी फोन केल्याशिवाय जाऊ नये, आणि प्रत्येकाकडे मूळ ओळखपत्र हवं. कॉलेजचं कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. रविवारी पहाटे उठलात की नऊपर्यंत पंचबोल पॉइंट, देवी पॉइंट, भीमकुंड हे सारं तुमच्या एकट्याचं असतं. मोटारी वर पोचायला लागतात तेव्हा तुम्ही किल्ल्याकडे निघायचं.

गाविलगड हा या सगळ्या सहलीचा गाभा आहे, आणि बहुतेक लोक तो तटाबाहेरून पाहून परततात. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो बांधला किंवा नव्याने उभा केला. पुढे इमादशाहीने तो वाढवला. किल्ल्याचे दोन भाग आहेत : उत्तरेला बाहेरचा किल्ला, दक्षिणेला आतला, आणि दोघांच्या मध्ये दरी. दक्षिणेकडून, म्हणजे सपाटीवरून, तो जवळजवळ अजिंक्य. कडे सरळ उभे आहेत. उत्तरेकडे मात्र तो डोंगराच्या पठाराला जोडलेला आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला आडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव केल्यावर आर्थर वेलस्लीने नेमकं हेच हेरलं. हे आडगाव आजच्या अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं. जड तोफा डोंगरातून लांबचा वळसा घालून उत्तरेच्या बाजूला चढवण्यात आल्या. रस्ता नव्हता, तो करत करत सैन्य पुढे सरकलं. १५ डिसेंबरला तट फोडून इंग्रज बाहेरच्या किल्ल्यात घुसले, पण मधल्या दरीपाशी अडकले. आतल्या दाराशी जाणारी वाट अरुंद आणि वरून मारा. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी दरीच्या पलीकडच्या चढावरून शिड्या लावून तटावर गेली आणि आतून दार उघडलं. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. पुढे नेपोलियनला वॉटर्लूला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच वेलस्ली.

आपण चिखलदऱ्याहून चालत जातो तेही उत्तरेकडूनच. म्हणून किल्ला पाहताना हा क्रम पायाखाली ठेवा. आधी बाहेरचा तट, मग उतार, मग दरी, मग समोरचं दार. दिल्ली दरवाजावरचं गंडभेरुंडाचं शिल्प थांबून पाहण्यासारखं आहे. पूर्ण किल्ला हिंडायला अर्धा दिवस लागतो आणि आत पिण्याच्या पाण्याची, खाण्याची सोय नाही. हा भाग व्याघ्रप्रकल्पाच्या क्षेत्रात मोडत असल्याने प्रवेशाची वेळ व शुल्क वनविभाग ठरवतो. एकट्याने, आणि पावसात तटाच्या कडेने, जाऊ नये. दगडावर शेवाळ आणि गवताखाली काय आहे ते दिसत नाही.

दुपारी दोनच्या आत बसस्थानकावर परत या. चार वाजता सगळे एकदम निघतात आणि गाडी स्थानकातच भरून जाते. घाटातल्या थांब्यावर हात दाखवून उभं राहण्यात अर्थ नाही. गाडी सुटायच्या जागेवरूनच बसायचं. वाटेत मोथा गावाच्या परिसरात गवळी लोकांची वस्ती आहे. दुधाचा खवा आणि रबडी चाखायची तर तिथली.

मेळघाटाचं जंगल पाहायचं म्हटलं की सगळ्यांना जीप सफारीच आठवते. देशात १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं हे एक. सफारीचं आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावर होतं, खर्च गाडीमागे असतो, म्हणून सहा जणांनी मिळून गेलं तरच विद्यार्थ्याला परवडतं. पावसाळ्यात गाभाक्षेत्र बंद राहतं. वाघ दिसेल या आशेने जाणाऱ्याने ताडोब्याला जावं. मेळघाट डोंगरदऱ्यांचा, दाट, आणि त्याची मजा वेगळी. पण एक स्वस्त वाट आहे. परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एसटी घटांग, सेमाडोह, हरिसालवरून याच जंगलातून जाते. खिडकीची जागा धरा, डिसेंबर-जानेवारीची सकाळ निवडा. सेमाडोहला वनविभागाचं संकुल आणि माहिती केंद्र आहे. पुढे कोलकासला सिपना नदीच्या वळणावर विश्रामगृह आहे. तिथली खोली आधी आरक्षित असेल तरच उतरायचं. मधेच गाडी थांबवून जंगलात पायी फिरणं कायद्याने बंद आहे, आणि वाहक उतरूही देणार नाही. गाडीत शेजारी बसलेल्या कोरकू बाईशी बोलता आलं तर बोला. तिची भाषा मराठीशी दूरान्वयानेही नात्यातली नाही, मुंडारी कुळातली आहे. तरी बाजाराच्या दिवशी ती मराठी आणि हिंदी तुमच्यापेक्षा सफाईने वापरते.

एरवी उन्हाळा टाळायचाच, पण एक अपवाद करावा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राणी पाहण्याची संधी देतो. जागा मोजक्या, शुल्क आणि आरक्षण आधी. परीक्षा त्याच सुमारास असतात, हा त्यातला घोळ.

अकोल्याहून उत्तरेला जायचं तर दार अकोटचं. अकोला-अकोट रेल्वे जुन्या मीटरगेजची ब्रॉडगेज होऊन नोव्हेंबर २०२२ पासून पुन्हा धावते. अकोटहून शहानूर, आणि शहानूरच्या वर नरनाळा किल्ला. तोही अभयारण्यात, म्हणून गेटवर नोंद आणि ठरलेल्या वेळेतच आत-बाहेर. महाकाली दरवाजावर १४८७ चा शिलालेख आहे, अक्षरं इतकी रेखीव की अर्थ कळला नाही तरी माणूस थबकतो. वर तलाव, अंबरखाना आणि नऊगजी म्हणून ओळखली जाणारी लांबलचक तोफ. गाविलगडापेक्षा नरनाळा मला जास्त आवडतो. गर्दी कमी, चढ सोसवेल असा आणि बांधकाम अधिक शाबूत. अडचण एकच : अकोट ते शहानूर हा शेवटचा तुकडा. तिथे गाड्या कमी, त्यामुळे अकोटहूनच जाण्या-येण्याची ऑटो किंवा जीप ठरवून, परतीची वेळ पक्की करूनच निघावं. ठरलेल्या भाड्यातले निम्मे पैसे परत आल्यावर द्यावेत.

जुनी रेल्वे म्हटलं की शकुंतला आठवते. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ अशी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती गाडी. कापूस वाहून नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातलेली, आणि मालकी स्वातंत्र्यानंतरही एका खासगी कंपनीकडे राहिलेली. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडवलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरलं. तिच्या चित्रफिती अजून फिरतात आणि त्या पाहून काही जण मूर्तिजापूरला उतरतात. गाडी बंद आहे. रूळ पाहायचे असतील तर जरूर उतरा, बसायच्या आशेने नको.

दक्षिणेला लोणार. हे फक्त अकोलेकरांनी शनिवार-रविवारात बसवावं. अमरावतीहून जाण्यायेण्यातच निम्मा वेळ जाईल. रेल्वे नाही. अकोल्याहून मेहकर आणि मेहकरहून लोणार, अशी गाडी बदलत जायचं. शेगाव जोडायचं असेल तर शनिवारी शेगाव, रविवारी पहाटे खामगाववरून मेहकर. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. पूर्वी त्याचं वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत. नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते साडेपाच लाखांच्या पुढे निघालं. तळ्याचं पाणी क्षारयुक्त, सामू दहाच्या आसपास. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर बातमी झाली. क्षारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी ते रंगवलं होतं, पाणी कमी आणि क्षार दाट झाल्यावर. त्याच वर्षी तळ्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. काठावरून पाहून लगेच परतू नका. खाली उतरा, झाडीतल्या मोडक्या मंदिरांवरून वळसा घाला, आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर शेवटी ठेवा. उतरायला सोपं, चढायला दुप्पट वेळ. दुपारी बाराच्या आत वर आलं पाहिजे.

अर्ध्या दिवसाच्या जागा भराभर सांगतो. अमरावतीहून नागपूर रस्त्यावर मोझरीचा गुरुकुंज आश्रम, तुकडोजी महाराजांचा. वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर, रुक्मिणीचं माहेर मानलेलं. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर, महानुभावांचं. परतवाड्यापुढे मुक्तागिरी, डोंगरातली बावन्न जैन मंदिरं आणि पावसाळी धबधबा. ते मात्र मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात. अकोल्याहून बाळापूर : मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. हे रविवारी सकाळी जाऊन जेवायला परत.

पाण्याबद्दल बाहेरच्यांना एक गोष्ट ठाऊक हवी. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्टा आहे. हातपंपाचं पाणी खारट, तहान भागवत नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूला निघताना बाटली भरूनच निघा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत शिरू नका. बुटाला चिखलाचा गोळा लागतो आणि पाय उचलत नाही. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तेव्हा किल्ले, विवर सारं बंद ठेवायचं. खरा मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्यातही नोव्हेंबर-डिसेंबरला वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आलेला असतो, बागा आणि मंडी दोन्ही पाहायला मिळतात.

एक सहल मात्र तारीख पाहून करायची, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो. आदल्या दिवशी, रविवारी, शहरातल्या मंडळांची पोरं कावडी घेऊन सुमारे अठरा किलोमीटरवरच्या गांधीग्रामला जातात, नदीचं पाणी भरतात आणि रात्रभर चालत, नाचत, बहुतेक अनवाणी, सकाळी शहरात शिरतात. मोठ्या कावडींना शेकडो भरणे, म्हणजे पाण्याचे घडे, बांधलेले असतात आणि त्या उचलायला कितीतरी खांदे लागतात. त्या रात्री अकोट रस्त्यावर वाहनं जवळजवळ चालत नाहीत, त्यामुळे गांधीग्रामला रविवारी दिवसाउजेडी पोचा. पहिल्यांदा जाणाऱ्याने कावडीला खांदा देण्याचा हट्ट धरू नये. चाल आणि खांदापालट यांची त्यांची सवय वर्षांची असते. बाजूने चालावं, चप्पल घालायला लाजू नये, आणि सोमवारी सकाळी प्रॅक्टिकल आहे का ते शनिवारीच पाहून घ्यावं.